वेगळा कप दाखवला की कथेत वर्गभेद आला का?

घोडबंदरकर:
रविवारी ठाण्यात आमच्या वाचनगटात रशियन लेखक चेखॉव्हची १८८३ सालची जाड्या-बारक्याची गोष्ट वाचली. जेमतेम दोनतीन पानं. शाळेतले दोस्त स्टेशनवर भेटतात, जाड्याला शेरीचा वास, बारक्याला हॅम आणि कॉफीच्या चोथ्याचा, गळाभेट, सगळं अरे-तुरे चाललंय आणि जाड्या फार वरच्या हुद्द्यावर पोचलाय हे कळल्याबरोबर बारक्या आकसतो, एकदम साहेब-साहेब सुरू. त्याचा शाळकरी पोरगा ताठ उभा राहून युनिफॉर्मची सगळी बटणं लावतो!! जाड्याने काही केलेलंच नाही, उलट तो म्हणतोय असं काय करतोस. सत्ता दाखवायची तर अशी, भाषण कशाला?

कळवा_स्लो:
नाही पटत. आता ज्या त्या कथेत मोलकरणीचा वेगळा कप, सर्व्हिस लिफ्ट, वॉचमनची मोडकी खुर्ची. वाचणाऱ्याला वाटतं आपल्याला कळलं, की पान उलटलं. दलित कथाकार बाबूराव बागुलांनी १९६३ मध्ये कथासंग्रहाला नावच दिलं 'जेव्हा मी जात चोरली होती'. थेट. माझ्या आईने नौपाड्यात २२ वर्षं घरोघरी पोळ्या लाटल्या, तिच्यावर लिहायचं तर मी आधी पैसे लिहीन, किती पोळ्यांचे किती आणि कुठल्या घरी दिवाळीला काही मिळायचं नाही ते.

वाशीची वाचक:
अहो पण हा आकडा म्हणजे तपशीलच झाला की! आणि कपापेक्षा कितीतरी बरा, कारण तो तुम्हाला माहितीये, मला नव्हता. बागुलांच्या त्या कथेतही माणसाला रेल्वेत नोकरी लागलीये पण परगावात खोली शोधताना जात आडवी येते. खोलीसारखी साधी गोष्ट, सगळी कथा तिथून पेटते.

घोडबंदरकर:
कपाचं मान्य, मलाही कंटाळा आलाय. कप पहिल्या पानावर असतो तसाच शेवटी असतो. बटणं आधी उघडी होती, मग लागली, फरक तिथे आहे.

कळवा_स्लो:
ठीक, पण त्याच गोष्टीत बारक्याचा तो चेहरा बघून जाड्याला मळमळलं असंही आहे ना? म्हणजे चेखॉव्हनेही सरळ सांगितलंच. न सांगण्याचा एवढा आग्रह मला समजत नाही. आणि अरे-तुरेचं म्हणाल तर आईला त्या घरातल्या काल आलेल्या सुनाही 'ए' म्हणायच्या, आई त्यांना अजून 'अहो वहिनी' म्हणते. लिहीन की तेही. पैशांनंतर.