पीळ दुसऱ्या टोकाकडून पाहिला तरी तोच राहतो

त्रिमितीय कायरल मेटामटेरियलचा (एकाच दिशेचा पीळ असलेल्या बारीक रचनांपासून बनवलेल्या कृत्रिम पदार्थाचा) ठोकळा उलटा फिरवल्यास, त्यातून जाणाऱ्या लहरीच्या ध्रुवण-प्रतलाचे (लहर ज्या प्रतलात कंप पावते त्याचे) वलन, म्हणजे फिरणेही, उलट होईल, हे विधान मला पटत नाही. उजव्या पिळाचा दोर कोणत्याही टोकाकडून पाहिला तरी उजव्या पिळाचाच दिसतो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांमधून विद्युतलहरी पाठवून असे वलन दाखवले होते. येथे नागपुरात आम्ही विद्यार्थ्यांना ३ सेंटिमीटर लहरींच्या संचावर, थर्माकोलमध्ये खोचलेल्या तांब्याच्या तारेच्या एकाच पिळाच्या मळसूत्रांनी तेच दाखवतो, आणि मळसूत्रे वेड्यावाकड्या दिशांनी खोचली तरी वलन टिकून राहते, हा मला त्यातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. आरशावरून त्याच वाटेने परतणाऱ्या लहरीचे वलन मात्र पुसले जाते. फॅरेडे परिणामात, म्हणजे चुंबकी क्षेत्रामुळे होणाऱ्या वलनात, ते दुप्पट होते, आणि उलट वलनाचा हा गैरसमज बहुधा तेथूनच आला असावा.