टर्बो गेला, वाढीव वॉरंटी नाकारली. कारण 46 दिवस उशिरा झालेली सर्व्हिसिंग

शाहूपुरी_सातारा

नमस्कार. ऑक्टोबर 2020 मध्ये आम्ही साताऱ्यातील एका अधिकृत विक्रेत्याकडून डिझेलवर चालणारी गाडी 11 लाख 86 हजार रुपयांना घेतली. मी कोरेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे आणि रोजचे जाणे-येणे याच गाडीने होते. मूळ वॉरंटी तीन वर्षांची होती. विक्रेत्याच्याच आग्रहावरून 21,400 रुपये भरून ती आणखी दोन वर्षांनी, म्हणजे ऑक्टोबर 2025 पर्यंत वाढवून घेतली. तेव्हा हातात एक पानी प्रमाणपत्र मिळाले. अटींची पुस्तिका आजतागायत मिळालेली नाही.

मार्च 2023 मध्ये, 22,600 किलोमीटरवर, गाडी चढाला ओढत नाही, वेग देताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा) दिवा वारंवार लागतो, अशी तक्रार मी पहिल्यांदा नोंदवली. जॉबकार्डवर माझे शब्द जसेच्या तसे आहेत आणि त्यांच्यापुढे सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने निळ्या शाईने लिहिले आहे : "आवाज नॉर्मल, टेस्ट ड्राइव्ह ओके." ऑक्टोबर 2023 च्या सर्व्हिसिंगला, 28,200 किलोमीटरवर, तीच तक्रार पुन्हा लिहून दिली. त्या वेळी सॉफ्टवेअर अपडेट केल्याचे सांगून गाडी परत केली गेली. चार दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच.

जून 2025 च्या दुसऱ्या रविवारी आईला पुण्याहून घेऊन येत असताना खंबाटकी घाटात तो आवाज एकाएकी करवतीसारखा झाला, आरशात पांढरट-निळ्या धुराखेरीज काही दिसेना आणि गाडीची ताकदच गेली. क्रेनने गाडी साताऱ्याला आणली तेव्हा 44,100 किलोमीटर झाले होते. टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) निकामी झाल्याचे सांगून वर्कशॉपने 92,300 रुपयांचे एस्टिमेट हातात दिले आणि पाच दिवसांनी कळवले की क्लेम नामंजूर झाला आहे. कारण काय, तर 2024 ची सर्व्हिसिंग 14 ऑक्टोबरला होणे आवश्यक होते, ती 29 नोव्हेंबरला, 37,600 किलोमीटरवर, म्हणजे 46 दिवस उशिरा झाली. वास्तविक मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच फोन केला होता. दिवाळीमुळे गाड्या तुंबल्या आहेत असे सांगून 29 तारीख त्यांनीच दिली होती आणि तो संदेश माझ्या मोबाईलवर अजून आहे.

नकार लेखी द्या म्हटले तर "सिस्टीममध्ये रिजेक्ट दाखवते आहे" एवढेच उत्तर मिळते. आता गाडी उचलली नाही तर रोज 300 रुपये पार्किंग आकारू, असेही सांगितले आहे. पैशांपेक्षा मला जास्त लागले ते हे, की दोन वर्षे मी जो आवाज ऐकवत होते त्याला ते नॉर्मल म्हणत राहिले आणि तोच दोष उघडा पडल्यावर निष्काळजीपणा माझा ठरला. शाळा सुरू झाली आहे आणि मी रोज एसटीने जाते आहे. हा नकार योग्य आहे का, आणि नसल्यास मी नेमके काय करावे?

कराडचा_डिझेलवाला

ताई, डिझेल इंजिनांच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आहेत. कंपनीची बाजू आधी सांगतो, कारण ती आपल्यासमोर मांडली जाणारच आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि बेअरिंगमध्ये तो ऑइलच्या पातळ थरावर फिरत असतो. ऑइल फार जुने होऊन त्याचा गाळ झाला आणि त्या गाळाने टर्बोकडे जाणारी बारीक नळी चोंदली, तर टर्बो जातो, हे खरे आहे. त्यामुळे उशिरा बदललेल्या ऑइलचा मुद्दा सरसकट खोटा म्हणता येणार नाही.

मात्र आपण दिलेल्या आकड्यांची वजाबाकी करून पाहा. 28,200 ला ऑइल बदलले आणि पुढचे 37,600 ला. म्हणजे ते ऑइल 9,400 किलोमीटरच चालले. अशा गाड्यांना बहुधा दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. आपल्या पुस्तिकेतही तसेच असेल तर किलोमीटरची मर्यादा आपण ओलांडलेलीच नाही, फक्त तारीख उलटली आहे. साडेतेरा महिन्यांत 9,400 किलोमीटर चाललेल्या, योग्य दर्जाच्या ऑइलचा एवढ्यात गाळ झालेला मी पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ओढ कमी, शिट्टी आणि वारंवार लागणारा डीपीएफचा दिवा, ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की मी सर्वप्रथम टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोकडून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) यांना जोडणारा होजपाइप पाहतो. तो फाटला किंवा क्लॅम्प सैल झाला की दाबाची हवा गळते, इंजिनला हवा कमी पडते आणि काजळी वाढते. जुन्या गाड्यांत ती काळा धूर होऊन मागून दिसायची. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-सहा (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांत ती डीपीएफमध्ये अडकते, म्हणून धूर दिसत नाही, दिवा लागतो. गळतीमुळे कमी पडलेला दाब भरून काढण्यासाठी टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो आणि कालांतराने त्याची बेअरिंगे जातात. आपल्या गाडीत हेच घडले असेल, तर दोषाची सुरुवात त्या उशिरा झालेल्या सर्व्हिसिंगच्या किमान दीड वर्ष आधीची आहे आणि ती त्यांच्याच जॉबकार्डवर नोंदलेली आहे.

गाडी खोलतील तेव्हा स्वतः उभ्या राहा. होजपाइपच्या जोडापाशी तेलकट धूळ बसली आहे का ते पाहा. चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पाइप वाकवला की तोंड उघडते. ऑइलची नळी आणि चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी स्वच्छ आहे की गाळाने भरली आहे, याचे फोटो घ्या. जाळीत गाळ निघाला तर आपली बाजू कमकुवत होईल, तीही तयारी मनाशी असावी. आणि काढलेला टर्बो कोणत्याही परिस्थितीत त्यांच्याकडे सोडू नका. क्लेममध्ये जुना पार्ट कंपनीकडे जातो. आपण स्वतः पैसे भरले तर तो आपला असतो.

तासगाव_द्राक्षबाग

ताई, माझ्या पिकअपच्या स्टिअरिंगची मोटर गेली तेव्हा वाढीव वॉरंटी नाकारण्याचे कारण दिले गेले, की बाहेरून म्युझिक सिस्टीम बसवताना वायर तोडून जोडली आहे. त्या वायरचा मोटरशी काहीही संबंध नव्हता. मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पिकअप व्यावसायिक वापराची असल्याने मी ग्राहकच नाही, असाही आक्षेप घेतला गेला; पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे, हे मान्य झाले. आपल्याला ती अडचण येणार नाही. निकालाला एक वर्ष सात महिने लागले आणि मोटरचा खर्च परत मिळाला. कायद्यात तीन महिन्यांची, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांची मुदत आहे, पण प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो हे गृहीत धरा.

पहिले काम म्हणजे प्रमाणपत्रावर वॉरंटी देणारा म्हणून कोणाचे नाव आहे ते वाचा. वाढीव वॉरंटी पुष्कळदा उत्पादकाची नसते, एखाद्या विमा कंपनीची किंवा तिसऱ्याच संस्थेची असते. मी प्रथम फक्त विक्रेत्याला नोटीस पाठवली आणि त्यात चार महिने वाया गेले, कारण विक्रेता उत्पादकाकडे बोट दाखवत होता आणि उत्पादक तिसरीकडे. आपण तिघांनाही ई-मेल आणि रजिस्टर पोस्टाने एकच पत्र पाठवा. त्यात नकाराचे लेखी कारण, ज्या अटीवर तो आधारला आहे ती अट आणि उशिरा झालेल्या सर्व्हिसिंगमुळेच टर्बो गेला याचा तांत्रिक अहवाल, या तीन गोष्टी मागा. पुस्तिका दिलीच नव्हती, हेही स्पष्ट लिहा. ग्राहकाला न कळवलेल्या अपवादाच्या अटीवर विमा कंपनीला विसंबता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका विम्याच्या प्रकरणात म्हटले आहे. आपले प्रकरण वॉरंटीचे असले तरी मुद्दा मांडण्याजोगा आहे.

त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटले नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे उत्पादकाचे कार्यालय कुठेही असले तरी आपले काम साताऱ्यातच होईल. दहा ते वीस लाखांच्या खरेदीला शुल्क 400 रुपये आहे, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल होते. वकील नेमलाच पाहिजे असे नाही. दोष प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा अधिकार आयोगाला कलम 38 ने दिला आहे, म्हणून वरच्या दादांनी टर्बो जपून ठेवायला सांगितले ते अगदी योग्य आहे. एक विनंती आहे : रागाच्या भरात नवीन गाडी मागू नका. 2006 मध्ये एका मोटारीच्या क्लचच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. टर्बो, होजपाइप, मजुरी, क्रेन आणि झालेला मनस्ताप एवढेच मागा.

गोडोली_सदरबझार

कायद्याची बाजू वर आलीच आहे. माझे म्हणणे इतकेच, की निकालाची वाट पाहत गाडी तिथे उभी ठेवू नका. मी तसे केले होते. सात महिन्यांत बॅटरी गेली, उंदरांनी वायरिंग कुरतडले आणि पार्किंगचे बिल वेगळेच झाले. पंचनाम्यासारखे फोटो झाले की दुरुस्ती करून घ्या आणि बिलावर सही करताना "हक्क राखून, निषेधासह रक्कम भरली" असे स्वतःच्या हाताने लिहा.

शाहूपुरी_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. काल शाळा सुटल्यावर वर्कशॉपमध्ये गेले होते. तिन्ही पत्रे पाठवली आहेत आणि विक्रेत्याच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला आहे. प्रमाणपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत खरोखरच एका विमा कंपनीचे नाव निघाले. साडेचार वर्षांत ते माझ्या लक्षात आले नव्हते. माझ्यासमोर होजपाइप काढला. जोडाच्या खालच्या बाजूला काळा, चिकट थर होता आणि मेकॅनिकने पाइप जरा वाकवताच बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. चिरेच्या कडा गुळगुळीत झालेल्या होत्या. शेजारी मोजपट्टी धरून फोटो घेतले. अ‍ॅडव्हायजर काही बोलले नाहीत. चेंबर उद्या उघडणार आहेत. दादा, ऑइलचा नमुना ठेवायचा असेल तर तो कसा घ्यावा?

कराडचा_डिझेलवाला

ताई, कडा गुळगुळीत आहेत याचा अर्थ ती चीर कालची नाही. हे वाक्य अहवालात यावे असा आग्रह धरा. नमुन्यासाठी धुऊन पूर्ण वाळवलेली काचेची बाटली घेऊन जा. ऑइलची पहिली धार सोडून द्या, मधल्या धारेतले पाव लिटर घ्या, झाकणावर कागद चिकटवून त्यावर तारीख, किलोमीटर आणि अ‍ॅडव्हायजरची सही घ्या. त्यांनी सही नाकारली तर बाटली भरतानाचा व्हिडिओ गाडीचा नंबर दिसेल असा काढा. जाळीचा फोटो इथे टाका, मी पाहून सांगतो.