बक ओ'नील: पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक, पण मैदानाबाहेरच?

प्रश्न
शिकागो कब्स संघाने १९६२ साली बक ओ'नील यांना प्रशिक्षक नेमले आणि मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरले. मात्र सामना चालू असताना बेसशेजारी (बेस म्हणजे धाव घेताना गाठायचा टप्पा) उभे राहून धावणाऱ्या खेळाडूला इशारे देण्याचे काम त्यांना कधीच मिळाले नाही, असे वाचले. मग त्या नेमणुकीला अर्थ तरी काय होता? जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १
आपण वाचलेत ते खरे आहे. कब्सने तेव्हा एकच व्यवस्थापक न ठेवता अनेक प्रशिक्षकांनी आळीपाळीने संघ चालवण्याची पद्धत अवलंबली होती, पण त्या पाळीत ओ'नील यांना स्थान नव्हते. १९४८ ते १९५५ अशी आठ वर्षे कॅन्सस सिटी मोनार्क्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ ज्यांनी सांभाळला, त्यांचा अनुभव कमी पडला असे कोण म्हणेल? मला हा उघड अन्याय वाटतो.

त्यांचे खरे कर्तृत्व मात्र खेळाडू हेरण्यात, म्हणजे स्काउट म्हणून दिसते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांची मैदाने ते गाडीने पालथी घालत. बॅटन रूज येथील सदर्न विद्यापीठात शिकणारा लू ब्रॉक त्यांनीच हेरला आणि १९६० साली कब्सशी करारबद्ध केला. कब्सने त्याला १९६४ साली सेंट लुईसच्या संघाकडे जाऊ दिले, आणि कारकिर्दीत त्याने एकूण ९३८ बेस चोरले (म्हणजे चेंडू टोलवला जाण्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला). अर्नी बँक्सही कब्सकडे येण्यापूर्वी मोनार्क्समध्ये ओ'नील यांच्याच हाताखाली खेळला होता.

प्रतिसाद २
यात एका गोष्टीची भर घालतो. फ्लोरिडातील सॅरासोटा येथे सेलरी या भाजीच्या शेतांत राबणाऱ्या लहानग्या ओ'नील यांना तिथल्या हायस्कुलात वर्णामुळे प्रवेश नव्हता; त्या शाळेने त्यांना पदविका दिली ती १९९५ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बेसबॉलमधील थोरांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमने तरी त्यांची दखल वेळेवर घेतली का?

प्रतिसाद १
नाही. २००६ साली कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलमधील १७ जणांची निवड झाली, पण त्यांत त्यांचे नाव नव्हते. तरीही त्याच जुलैमध्ये हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या कूपर्सटाउनला जाऊन त्या १७ जणांच्या वतीने ते बोलले आणि जमलेल्या सर्वांना हातात हात घेऊन गायला लावले. ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. त्यांचा स्वतःचा समावेश झाला तो २०२२ साली.