बँकेच्या शाखेतील नोकरीसाठी अर्ज केला आहे. निवडप्रक्रियेत नेमके काय पाहतात?

प्रश्न

नमस्कार. एका बँकेच्या शाखेत ग्राहकसेवा अधिकारी या पदासाठी मी नुकताच अर्ज केला आहे. आधी ऑनलाइन चाचणी, मग रेकॉर्ड करून पाठवायची व्हिडिओ मुलाखत आणि त्यातून निवड झाल्यास शाखा व्यवस्थापकांशी प्रत्यक्ष भेट, असे टप्पे त्यांनी ईमेलने कळवले आहेत. माझा आजवरचा अनुभव दुकानातील विक्रीचा आणि बिलिंग काउंटरचा आहे. खातेदार म्हणून जेवढे जाणे-येणे होते, त्यापलीकडे बँकेच्या कामाशी माझा संबंध आलेला नाही. जाहिरातीत ‘ग्राहकांच्या गरजा ओळखून योग्य योजना सुचवणे’ असे एक वाक्य आहे. हे काम प्रत्यक्षात सेवेचे असते की विक्रीचे? आणि बँकिंगचे किती ज्ञान अपेक्षित असते? आणखी एक शंका जरा संकोचाने विचारते: मध्यंतरी नोकरी नसताना माझ्या क्रेडिट कार्डाची काही बिले थकली होती. ती आता पूर्ण फेडली आहेत, तरी त्यावरून अर्ज बाद होऊ शकतो का?

उत्तर १

ज्ञानाची चिंता सर्वांत शेवटी करा. बचत आणि चालू खात्यातील फरक, मुदत ठेव वेळेआधी मोडल्यास काय होते, तारण कर्ज आणि विनातारण कर्ज म्हणजे काय, खाते उघडताना ओळखीचा पुरावा का मागतात, एवढे स्वतःच्या शब्दांत नीट सांगता आले तरी या पदासाठी पुरेसे असते. बाकीचे प्रशिक्षणात शिकवले जाते.

चाचणीतील गणित टक्केवारी, साधे व्याज आणि तक्ते वाचणे याच्या पुढे सहसा जात नाही, अडचण येते ती वेळेची. खरी चाळणी प्रसंगांवर आधारित प्रश्नांत लागते. उदाहरणार्थ, रांग वाढली आहे, शेजारचा सहकारी जागेवर नाही आणि समोरच्या जुन्या, ओळखीच्या खातेदाराची सही नोंदीतील सहीशी जुळत नाही. अशा वेळी ‘ओळखीचे आहेत, म्हणून व्यवहार करून देईन’ हा पर्याय आपुलकीचा वाटतो आणि बरेच उमेदवार तोच निवडतात. नियम वाकवून केलेली मदत मात्र बँकेला नको असते; तितकेच, ‘नियमात बसत नाही’ असे सांगून माणसाला परत पाठवणेही नको असते. विनम्रपणे थांबवून दुसऱ्या मार्गाने ओळख पटवणे किंवा वरिष्ठांना बोलावणे, या अंगाने जाणारा पर्याय बहुधा बरोबर निघतो.

व्हिडिओ मुलाखतीत समोर कोणी नसते. पडद्यावर प्रश्न येतो, विचार करायला थोडा अवधी मिळतो आणि ठरावीक वेळेत उत्तर संपवावे लागते. पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहून बोलण्याचा सराव करा. प्रत्यक्ष भेटीत ‘असा एखादा प्रसंग सांगा, जेव्हा...’ या धर्तीचे प्रश्न अधिक असतात. उत्तरात परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हा क्रम ठेवा. ‘आम्ही सर्वांनी मिळून’ ऐकून मुलाखतकाराला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

उत्तर २

सेवा की विक्री, या प्रश्नाला सरळ उत्तर असे: दोन्ही, आणि विक्रीचा वाटा बाहेरून दिसतो त्याहून मोठा. पैसे काढणे-भरणे यंत्रांवर आणि मोबाइलवर गेल्यापासून शाखेत येणाऱ्या माणसाकडे बँक संभाव्य कर्जदार, विमाधारक किंवा गुंतवणूकदार म्हणूनही पाहते. त्यामुळे ‘टार्गेट असेल तर चालेल का?’ हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येणारच. तुम्ही विक्रीतून आल्या आहात, त्यामुळे याची धास्ती घेण्याचे कारण नाही, परंतु केवळ ‘हो, मला टार्गेट आवडते’ एवढ्यावर थांबू नका.

याला कारण आहे. २०१६ साली अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेचे प्रकरण उघडकीस आले. एकाच ग्राहकाला अधिकाधिक खाती आणि कार्डे विकण्याचा दबाव इतका होता की, कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीविना लाखो खाती उघडली. त्या वर्षी बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे समोर आले आणि पुढे २०२० मध्ये आणखी ३०० कोटी डॉलर भरून बँकेला तडजोड करावी लागली. सांगण्याचा मुद्दा हा की, दबाव वरून आला तरी नोकरी आधी काउंटरवरच्या माणसाची जाते. म्हणून ग्राहकाला गरज नसलेली गोष्ट आपण त्याच्या गळ्यात का मारली नाही, असा एखादा खरा प्रसंग दुकानातल्या अनुभवातून तयार ठेवा. चांगल्या व्यवस्थापकाला तो ‘टार्गेट पूर्ण केले’ या वाक्यापेक्षा अधिक काही सांगून जातो.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतील, तेव्हा टार्गेट व्यक्तीचे असते की शाखेचे, आणि खाते उघडल्यावर ते पुढे वापरले जाते का हेही मोजले जाते का, हे अवश्य विचारा. उत्तर देताना समोरची व्यक्ती गुळमुळीत बोलू लागली, तर तेही एक उत्तरच आहे.

उत्तर ३

काही बँका प्रत्यक्ष भेटीत छोटा अभिनयही करायला लावतात, त्याबद्दल वर कोणी लिहिले नाही म्हणून भर घालतो. मुलाखतकार ग्राहक होतो. मी ज्या मुलाखतींना बसतो, त्यांत नेहमीचा प्रसंग असा: एक वयस्क खातेदार मोठी मुदत ठेव मोडून सगळी रक्कम एका अनोळखी खात्यात तातडीने पाठवायला सांगतात, कारण विचारले की चिडतात आणि कानाचा फोन खाली ठेवत नाहीत. बहुतेक उमेदवार इथे घाईघाईने फॉर्म भरायला घेतात किंवा ‘ही फसवणूक आहे’ असे थेट सुनावतात. मला आवडलेल्या एका उमेदवाराने फक्त त्यांना बसायला खुर्ची दिली, फोन ठेवण्याची विनंती केली आणि ‘ही रक्कम कोणाला जाते आहे, हे मला समजून घ्यावे लागेल, पैसे तुमचेच आहेत, दहा मिनिटे उशीर झाला तरी ते कुठे जात नाहीत,’ असे म्हटले.

बिलिंग काउंटरचा अनुभव मुळीच कमी लेखू नका. गल्ला न जुळल्यास तुम्ही काय करत होता, हे विचारतीलच. कमी पडलेली रक्कम खिशातून घालून हिशेब जुळवला, हे उत्तर प्रामाणिक वाटले तरी बँकेत ते चालत नाही; तफावत कमी असो वा जास्त, तिची नोंद करून लगेच कळवावी लागते. रोख मोजणे, तिजोरी उघडणे, मोठा व्यवहार मंजूर करणे अशी कामे दोघांवर सोपवलेली असतात, त्यात तुमच्यावर अविश्वास दाखवण्याचा हेतू नसतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. थकबाकीच्या शंकेबद्दल कोणी सांगू शकेल का?

उत्तर ४

पैशांशी संबंधित पद असल्याने अनेक बँका उमेदवाराचा पतइतिहास, आधीच्या नोकऱ्या, शिक्षण आणि गुन्ह्यांची नोंद तपासतात, आणि त्यासाठी तुमची लेखी संमती घेतात. फेडून झालेल्या जुन्या थकबाकीकडे आणि आजही थकलेल्या कर्जाकडे सारख्याच नजरेने पाहिले जात नाही. अर्जात त्याबद्दल विचारले असेल, तर काय झाले आणि केव्हा फेडले, हे दोन वाक्यांत लिहा. पडताळणीत उमेदवार बाद होतात, ते बहुतेक वेळा लपवलेल्या माहितीमुळे. आपला पतअहवाल आताच मागवून घ्या, कारण फेडलेले खाते त्यात अजून थकीत दिसत असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो. नोकरीतील खंडाच्या तारखाही अर्जात आणि बायोडेटात एकसारख्या असू द्या.

ही पडताळणी पुष्कळदा ऑफर लेटर दिल्यानंतर होते आणि ती ऑफर तोवर सशर्त असते. त्यामुळे पडताळणी पूर्ण झाल्याचे लेखी कळेपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.