मदत हवी आहे: चौथीतल्या, पण अजून अक्षरं जुळवणाऱ्या मुलांसाठी गोष्टी

वाडीवरची_बाई:
नमस्कार मंडळी. रायगड जिल्ह्यात, सुधागड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. पट २७, आम्ही दोघी शिक्षिका. तिसरी-चौथी माझ्याकडे. बरीच मुलं कातकरी घरांतली. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरंही सोबत. पाऊस तोंडावर आला की परत. हिशेब केला तर चौथीतल्या पोराची शाळा जेमतेम दीड-दोन वर्षं झालेली असते.

सात जण असे आहेत की बाराखडी घडाघडा म्हणतात, 'क ला काना का' करत शब्दही लावतात, पण ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतात. जोडाक्षर आलं की गाडी अडली. 'रस्ता'चा 'रसता' होतो.

खरी अडचण पुढे आहे. यांना झेपेल ते पुस्तक म्हणजे मनीमाऊ नाहीतर चिऊताई. जो मुलगा एकटा ओढ्यात खेकडे धरतो, धाकटीला सांभाळून भात शिजवतो, त्याच्यापुढे मनीमाऊ ठेवली की तो पुस्तक पालथं घालतो. पहिलीची पोरं बघतात ना! वयाला शोभेलशी गोष्ट घ्यावी, तर पहिल्याच पानावर 'आश्चर्य' आणि 'निश्चय'.

तर विषय मोठ्या मुलांचा, मजकूर थोडा, जोडाक्षरं मोजकी, टाइप टपोरा असं मराठीत काय मिळेल? पदरचे तीन हजार घालू शकते. रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर. 'सराव वाढवा' हा सल्ला कृपया नको, तेच चाललंय.

पाटीपेन्सिल:
'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेची 'स्टोरीवीव्हर' ही गोष्टींची वेबसाइट बघा, २०१५ पासून आहे. मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या असतात. पहिल्या पातळीला २५० शब्दांच्या आत, दुसरीला ६०० पर्यंत. फुकट आहे, आणि परवाना मोकळा असल्याने छापून वाटल्या तरी चालतं. टेकडीवर जाऊन उतरवून आणा. पण पातळीवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. शब्द कमी असले तरी अनुवादात जोडाक्षरं ढिगाने सापडतात, आधी स्वतः चाळा. किडे, पाणी, यंत्रं अशी माहितीची पुस्तकं निवडा, ती बाळबोध वाटत नाहीत.

निवृत्त_गुरुजी:
बाई, पुस्तकं आणाच, पण त्या खेकडेवाल्यालाही बोलतं करा. खेकडा कसा धरायचा ते तो सांगेल, तुम्ही मोठ्या अक्षरात लिहायचं. त्याच्या बोलीत, शुद्ध न करता. शब्द त्याचेच, त्यामुळे पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं आणि सगळा जीव अक्षरं लावण्यात जात नाही. दुसऱ्या दिवशी ओळींच्या पट्ट्या कापा, मिसळा आणि लावायला द्या. हे चुकवू नका. नाहीतर पोरगं पाठ म्हणतं आणि आपल्याला वाटतं वाचतंय. मी वर्षभर फसलो होतो.

दोन_पोरांची_आई:
मनीमाऊ टाकून देऊ नका. 'पहिलीला वाचून दाखवायचं काम तुझं' असं म्हणून हातात द्या. मग तो दादा होतो. आदल्या दिवशी त्याची तयारी तेवढी गुपचूप करून घ्या.

वाडीवरची_बाई:
सगळ्यांचे आभार. पहिलीला वाचून दाखवण्याचं सोमवारपासून. खेकड्याचं मात्र आजच केलं. चार ओळी मागितल्या, अकरा झाल्या, कारण बाकीचे सहा मध्येच चुका काढत होते. वाचताना कुणी पुस्तक पालथं घातलं नाही (पुस्तक नव्हतंच म्हणा, कॅलेंडरची मागची बाजू होती).

आता नवी पंचाईत. त्यांच्या बोलीतला एक शब्द तिघं एका तऱ्हेने म्हणतात, चौघं दुसऱ्या. मी दोन्ही लिहून ठेवलेत. कातकरी बोलीत देवनागरीत छापलेलं काही कुणाकडे आहे का? चार पानांचं असलं तरी चालेल.