ताईच्या बेसमेंटमधला पाइप (आमच्या घरच्या ग्रुपवरून)

[संध्या. ६:४०]

ताई: मामा, आहात का? शिकागो शहराकडून पत्र आलंय. आमच्या घराला येणारी नळजोडणी शिशाची असण्याची शक्यता आहे, असं लिहिलंय. सकाळपासून हातपाय गळालेत. बाळाचं दूध याच पाण्यात कालवते मी.

आई: अगं बाई. पाणी उकळून घेतेस ना पण?

मामा: उकळून शिसं जात नाही. जंतू मरतात. पाण्याची वाफ होते आणि शिसं आहे तेवढंच भांड्यात राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. बाळा, आजपासून दुधासाठी नळाचं पाणी बंद. आधी बाटलीबंद पाणी आण, मग बोलू.

ताई: ह्यांना पाठवलंय आणायला.

बाबा: अमेरिकेत शिशाचे पाइप? एवढ्या मोठ्या शहरात?

मी: बाबा, शिकागोत तर सगळ्यात जास्त. सुमारे ४ लाख घरांच्या जोडण्या शिशाच्या आहेत किंवा तशा धरल्या जातात. लहान घरांना शिशाचाच पाइप टाका, असा तिथल्या शहराचा नियमच होता. १९८६ मध्ये देशभर बंदी आली तेव्हा थांबलं. ताईचं घर १९२० च्या दशकातलं आहे.

मावशी: पण पाणी तर किती स्वच्छ दिसतं गं तिकडे. मी आले होते तेव्हा सरळ नळाचंच प्यायचे.

मामा: शिसं दिसत नाही, वास नाही, चव नाही. शुद्धीकरण केंद्रातून निघतं तेव्हा पाणी चांगलंच असतं. रस्त्यातली मेन लाइन बिडाची, तीही ठीक. मेन लाइनपासून घराच्या मीटरपर्यंत जो बोटाएवढा पाइप येतो ना, आपण सर्व्हिस कनेक्शन म्हणतो तो, घोळ तिथे आहे.

मामा: आम्ही नोकरीला लागलो तेव्हा बिडाच्या पाइपचे सांधे शिसं ओतूनच भरायचो. आधी ताग ठोकायचा, मग वितळलेलं शिसं ओतायचं, गार झालं की छिन्नी-हातोडीने ठोकून बसवायचं. पण तिथे पाण्याला शिसं लागतं ते सांध्यापुरतं. तुझ्याकडे अख्खा पाइप शिशाचा असेल आणि पाणी रात्रभर त्यात उभं राहत असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून पत्रावर थांबू नकोस. बेसमेंटमध्ये उतर, पाइप भिंतीतून आत येतो ती जागा शोध आणि फोटो टाक. मीटरच्या अलीकडचा, रस्त्याकडून येणारा पाइप हवा, पलीकडचा नाही.

[संध्या. ७:०५]

ताई: फोटो टाकलाय. करडा रंग आहे, वर जुना ऑइलपेंट.

मामा: व्हॉल्व्हच्या खाली तो कांद्यासारखा फुगवटा दिसतोय ना, तो डाग देऊन केलेला सांधा आहे. शिशाच्या पाइपला असाच करतात. तरी खात्री कर. किल्लीने किंवा नाण्याने हलकेच खरवड, चाकू नको, जोरही नको. आणि लोहचुंबक लाव. चिकटला तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. तांब्याच्या पैशासारखा लालसर निघाला तर तांबं.

[संध्या. ७:१८]

ताई: खरवडलं. मामा, सहज निघालं, किल्ली लोण्यात गेल्यासारखी. आतून नुकती कल्हई केल्यासारखं चकचकीत. फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट लावला, चिकटला नाही, हातातच आला.

मामा: शिसं आहे.

मामा: हात साबणाने धू आधी.

आई: आता काय करायचं गं?

मामा: घाबरून नाही चालणार, पण हयगयही नको. आंघोळ, कपडे, भांडी चालू दे, शिसं कातडीतून आत जात नाही. प्यायला, स्वयंपाकाला आणि दुधाला फक्त फिल्टरचं पाणी. फिल्टर कुठलाही नको. शिसं काढतो असं स्पष्ट लिहिलेला, एनएसएफ ५३ (तिकडचं फिल्टरचं मानक) प्रमाणपत्र असलेला बघ. नुसता चव सुधारणारा उपयोगाचा नाही. त्याची कांडी ठरलेल्या वेळेला बदल. पिण्यासाठी गरम नळ कधीच नको, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. आणि बाहेरून आलात की आधी ५ मिनिटं गार पाणी वाहू दे.

बाबा: फ्लिंटचं प्रकरण तेच ना?

मी: तेच, बाबा. मिशिगनमधलं फ्लिंट. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराने डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं घेतलं. पाण्यात फॉस्फेटचं औषध घातलं की पाइपच्या आत त्याचा थर बसतो, तो शिशाला पाण्यापासून दूर ठेवतो. नदीच्या पाण्यात ते औषध घातलंच नाही, थर सुटला. लोक लाल-पिवळ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते, त्यांना सांगितलं जात होतं की पाणी ठीक आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे जाहीरपणे मांडले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये जुनं पाणी परत आलं. मला हे वाचून अजून राग येतो. आयांना दीड वर्ष कोणी खरं धरलं नाही.

ताई: शिकागोत ते औषध घालतात. पण आमच्या गल्लीत गेल्या महिन्यात रस्ता खणला होता.

मामा: हादऱ्याने थराचे कण सुटतात. नळाच्या तोंडाची जाळी काढून धू, कण तिथे अडकतात. आणि पाइप बदलायची वेळ आली तर अर्धा बदलू देऊ नकोस. कापाकापीत उरलेला अर्धा आणखी शिसं सोडतो. मेनपासून मीटरपर्यंत पूर्ण बदलायचा.

ताई: तेच विचारलं. ऑक्टोबर २०२४ च्या इथल्या केंद्र सरकारच्या नियमाने बहुतेक शहरांना १० वर्षांत सगळे शिशाचे पाइप काढायचे आहेत. शिकागोचा आकडा मोठा म्हणून जास्त मुदत. बाळ तोवर कॉलेजात जाईल हो.

मी: न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहराने सुमारे २३,००० पाइप ३ वर्षांच्या आत बदलले. घरमालकाला खर्च नाही आणि भाडेकरूच्या घरीसुद्धा मालकाच्या सहीसाठी अडून राहिले नाहीत. ठरवलं तर होतं.

मावशी: आपल्याकडे आहे का असलं काही?

मामा: आपल्याकडे शिशाचा पाइप घरापर्यंत टाकायची रीत नाही, जीआय आणि पीव्हीसी. पण पीव्हीसी बनवतानाही शिशाचं रसायन घालत असत. त्यावर केंद्राचा नियम आला २०२१ मध्ये. नवीन पाइप घेताना त्यावर काय छापलंय ते वाचून घे.

आई: बाळाचं रक्त तपासायचं का?

ताई: डॉक्टरांशी बोलले, उद्या नेतेय. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, मेंदू वाढत असताना फार लवकर परिणाम होतो म्हणाल्या. आई, काजळ लावता का, हळद कुठून येते, हेही विचारलं त्यांनी. त्यातही शिसं सापडतं.

आई: मी पाठवलेली डबी घेऊन जा दवाखान्यात. दाखव त्यांना. नाही लावलं तरी चालेल गं.

[दुसऱ्या दिवशी, संध्या. ६:१०]

ताई: ३११ ला, शहराच्या मदत क्रमांकावर फोन केला, तपासणीचं किट फुकट पाठवतायत.

मामा: छान. रात्री निजताना शेवटचा नळ बंद, मग किमान ६ तास फ्लशसुद्धा नको. सकाळचं पहिलं पाणी पहिल्या बाटलीत. त्यात नळाचं आणि घरातल्या पाइपचं कळतं. थोडं वाहून गेल्यावरचं पाणी त्या बाहेरच्या पाइपात रात्रभर उभं असलेलं. दोन्ही लागतात, बाटल्यांचे नंबर चुकवू नकोस.

ताई: जाळी काढली. आत वाळूसारखे करडे कण होते, चिमूटभर.

ताई: शेजारच्या आजींकडे आलेय. त्यांचा नातू दिवसभर त्यांच्याकडेच असतो. पत्र त्यांनाही आलं होतं, पण त्यांना वाटलं जाहिरात आहे, टाकून दिलं. त्यांच्या बेसमेंटमध्ये उभी आहे. मॅग्नेट इथेही नाही चिकटत.

मामा: फोटो टाक. आणि त्यांना उकळायचं सांगू नकोस, फिल्टरचं सांग.