वाचनालयाची कौलं काढून स्लॅब टाकायचा का?

पडवीतला
आमच्या गावचं (तळकोकण) वाचनालय शंभरी पार केलेलं आहे, चिऱ्याच्या भिंती चुन्यात बांधलेल्या, वर मंगळुरी कौलं, पुढे लाकडी कठड्याची पडवी. दोन पावसाळे गळतंय. गेल्या जुलैत मी स्वतः बघितलं, कादंबऱ्यांच्या कपाटावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर बादली. आता कमिटी म्हणते कौलं उतरवा, स्लॅब टाका, वर एमपीएससीच्या पोरांसाठी अभ्यासिका काढू. कोणीतरी म्हणालं मुंबईत डेव्हिड ससून लायब्ररीने नेमकं उलटं केलं, स्लॅब तोडून कौलं चढवली. खरंय का हे, की ऐकीव?

फोर्टची फेरी
खरंय. काळा घोड्याची ती इमारत 1870 ची, पिवळा मालाड दगड, टोकदार कमानी. त्यावेळी सव्वा लाख खर्च आला, त्यातले 60 हजार ससूनचे. मूळ छप्पर उतरतं, कौलारू. 1960 च्या दशकात ते काढून सपाट आरसीसी स्लॅब घातला आणि मग गळती सुरू झाली. वास्तुविशारद आभा लांबा यांच्या देखरेखीखाली तो स्लॅब काढून परत लाकडी कैच्या (छप्पर तोलणारे तिकोनी सांगाडे) आणि कौलं बसवली, 2023 मधे काम संपलं. मी जुना मेंबर, ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत बाल्कनीतल्या आरामखुर्चीवर जाऊन बसायचो, पेपर तोंडावर घेऊन झोपणारे निम्मे असायचे (मी पण).

सेंट्रिंगवाला
पाच इंची स्लॅब म्हणजे स्क्वेअर फुटाला जवळपास 30 किलो, वर वॉटरप्रूफिंगचा कोबा वेगळा. कौलारू छप्पर वासे-रिपांसकट साधारण 8 ते 10. तुमच्या चुन्यातल्या भिंती हे वजन घेतील की नाही हे बघितल्याशिवाय हो म्हणू नका, आणि वर माणसं बसवायची म्हणजे आणखी लोड. दुसरं म्हणजे दुरुस्ती करताना भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून घेऊ नका, ओल आत अडकते आणि भिंतीलगतच्या पुस्तकांना बुरशी धरते. आधी गळतंय कुठे ते शोधा हो! बहुतेक वेळा पन्हळीत पाला अडकलेला असतो नाहीतर एखादा वासा वाळवीने खाल्लेला, त्यासाठी अख्खं छप्पर कशाला उतरवायचं.

माकडपीडित
मुंबईची गोष्ट वेगळी, तिथे पैसे द्यायला मोठ्या फाउंडेशन आहेत. आमच्याकडे माकडं आठवड्याला दहा-बारा कौलं फोडतात, मे महिन्यात शाकारायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी ऐकून घाम फुटतो. कमिटीतली म्हातारी माणसं वेडी नाहीत, त्यांना एकदाच खर्च करून सुटायचंय. हेरिटेज हेरिटेज करणाऱ्यांनी शिडी लावून एकदा वर चढावं.

सेंट्रिंगवाला
@माकडपीडित पटलं, पण स्लॅब टाकून सुटका होत नाही दादा. दहा-बारा वर्षांनी तोही गळायला लागतो आणि मग त्याच्यावर पत्र्याची शेड चढते, कोकणात निम्म्या घरांवर बघा. माकडांसाठी कौलांवर जाळी ताणतात, दिसायला घाण दिसते पण चालते.

पुस्तककिडा
अभ्यासिका मात्र सोडू नका. वर्गणीवर वाचनालय चालत नाही, सरकारी अनुदान येतं तेव्हा येतं, अभ्यासिकेच्या महिन्याच्या फीवर आमच्याकडे ग्रंथपालाचा पगार निघतो. पण ती वरच कशाला? मागे परसात हलकी वेगळी खोली बांधा, पोरांना रात्री अकरापर्यंत बसायचं असतं, मुख्य इमारतीची किल्ली द्यायलाच नको. पैशांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय फाउंडेशनकडे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत अर्ज करून बघा, इमारतीसाठी त्यांची मदत असते.

पडवीतला
सगळ्यांचे आभार. आज सकाळी सुताराला घेऊन वर चढलो. दोन वासे आणि पन्हळीचा एक सांधा गेलाय, बाकी लाकूड सागवानी, टकटक वाजतंय. परसाची मोजणी रविवारी करतो, तिथे सध्या अध्यक्षांची जुनी रिक्षा उभी आहे, तो विषय नाजूक आहे.